शेवटच्या जवानाची वेळ

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे पाचला उभं राहिलं, तर अंधारात आधी पावलांचा आवाज येतो आणि मग पोरं दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच लावलेलं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘सोळाशे’. सैन्यभरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावावं लागतं, म्हणून त्या धावण्याचं नावच सोळाशे. ‘सोळाशे किती बसतंय?’ असं एकमेकांना विचारतात आणि उत्तर ‘पाच-वीस’, म्हणजे पाच मिनिटं वीस सेकंद, आलं की विचारणारा गप्प होतो. मग बीम (आडव्या दांडीला लटकून अंग वर ओढणं), नऊ फुटी खड्डा, छातीचं माप. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला आहे; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. अशा मुलखात धावणं हा व्यायाम नसतो, घराण्याची रीत असते.

या पोरांच्या लेखी सोळाशे म्हणजे एक दार. ते ओलांडलं की आत नोकरी, वर्दी, घरी मनिऑर्डर. ज्या विषयाची ही प्रस्तावना आहे तो विषय त्या दाराच्या आतला आहे. सैन्यात शरीराची जी मशागत होते ती कशासाठी, तिचा आणि नेतृत्वाचा संबंध काय, आणि ती मशागत कुठं वाट चुकते, हे प्रश्न भरतीच्या मैदानावर कुणी विचारत नाही. तिथं तशी सवडच नसते.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनवर आले. आम्ही मुलं त्यांना लढाईबद्दल विचारायचो आणि ते सांगायचे धावण्याबद्दल. त्यांच्या कंपनीत एक तरुण कॅप्टन होता. सरावाच्या दिवशी पाच किलोमीटर तो सगळ्यांच्या आधी संपवायचा. मग पाणीही न पिता उलट फिरायचा आणि सर्वांत मागं राहिलेल्या जवानाजवळ जाऊन त्याच्या बरोबरीनं पुन्हा धावत यायचा. त्याची रायफल घ्यायचा नाही, ओरडायचा नाही, नुसता शेजारी असायचा. मामांना पुढं अनेक वरिष्ठ मिळाले, त्यांतले काही फार मोठ्या हुद्द्यावर गेले. नाव मात्र ते याच कॅप्टनचं काढायचे. त्यांच्या मते पुढं पळणारा साहेब कुणालाही आवडतो. मागं वळणाऱ्या साहेबाच्या शब्दावर माणूस उठून उभा राहतो. हा विषय मला कळला तो तिथून.

भारतीय सैन्यात दोन शारीरिक चाचण्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक पीपीटी, म्हणजे फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट. तिच्यात २.४ किलोमीटर धाव, बीम, सिट-अप्ससारखे प्रकार असतात. दुसरी बीपीईटी, बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट. हिच्यात पायात बूट, पाठीवर पिट्ठू, हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर. तिशीच्या आतला जवान २५ मिनिटांत आला तर तो ‘एक्सलंट’. याखेरीज ६० मीटरची दौड, नऊ फुटांचा खड्डा, उभा दोर, आडवा दोर. दोराची गोष्ट ऐकायला साधी वाटते. पण बूट घातलेल्या पायांची कात्री दोराला घालून, घामानं निसटणाऱ्या तळव्यांनी स्वतःचं वजन वर ओढायचं म्हणजे काय, ते ज्यानं एकदा करून पाहिलं त्यालाच ठाऊक. वय वाढतं तशी वेळेत सूट मिळते. हुद्दा वाढतो म्हणून मिळत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कॅप्टन आणि शिपाई एकाच रेषेवर उभे राहतात, एकाच शिटीवर सुटतात. वय सारखं असेल तर मोजपट्टीही सारखी. आपल्या बाकीच्या जगात असं कुठं होतं? शाळेचा मुख्याध्यापक, कारखान्याचा मॅनेजर, तालुक्याचा मोठा अधिकारी, यांची परीक्षा हाताखालच्या माणसांच्या डोळ्यांदेखत, त्याच प्रश्नपत्रिकेवर, वर्षातून पुन्हा पुन्हा कुणी घेत नाही. साहेबाला काय येतं हे आपण त्याच्या खुर्चीवरून ठरवतो. पलटणीत ते मैदानावर ठरतं. धाप लागलेला, चेहरा लाल झालेला, तरीही न थांबलेला साहेब जवानांनी पाहिलेला असतो. उद्या तोच साहेब रात्री दोन वाजता ‘ती टेकडी घ्यायची’ म्हणतो तेव्हा जवानाच्या मनात एक जुना हिशेब चुकता झालेला असतो: हा माणूस स्वतः करत नाही ते आपल्याला सांगत नाही.

फौजी पीटीची आजची पद्धत मूळची ब्रिटिशांची. क्रिमियाच्या युद्धात सैन्याची झालेली दैना पाहिल्यावर ब्रिटिशांनी १८६० मध्ये मेजर हॅमरस्ली यांच्या हाताखाली बारा सार्जंट ऑक्सफर्डला आर्चिबॉल्ड मॅक्लारेन यांच्या व्यायामशाळेत शिकायला धाडले, आणि त्यांतून सैन्याचा व्यायामशिक्षक वर्ग उभा राहिला. त्याच परंपरेतला आपला आर्मी फिजिकल ट्रेनिंग कोर. त्याची संस्था आज पुण्यात आहे आणि देशभरच्या पलटणींचे पीटी शिक्षक तिथं घडतात. जवान त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द परका नाही. आपल्या तालमीतला ‘वस्ताद’ तो हाच. माती भिजवणारा, पोरांच्या मांड्यांवर थाप मारणारा, कुणाला आज किती जोर काढू द्यायचे हे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारा. चांगला उस्ताद आणि चांगला वस्ताद यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही समोरच्याची ताकद त्याच्यापेक्षा जास्त माहीत असते, आणि त्याची मर्यादाही.

शरीराची तयारी लढाईत कशी उतरते, हे सांगायला मला नामदेव जाधवांपेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. नगर जिल्ह्यातल्या निमजचा हा शिपाई. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये त्याचं काम कंपनी रनरचं. रनर म्हणजे निरोप्या: जिथं तार पोहोचत नाही, वायरलेस बंद पडतो, तिथं स्वतःच्या पायांनी हुकूम पोहोचवणारा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीच्या पूर्वकाठावर हल्ला चालू होता. काठ उंच आणि खडा, पाणी खोल, काठाच्या उतारावर सुरुंगांचा पट्टा. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सोबतची तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी एका जखमी साथीदाराला उचललं, खोल पाण्यातून, चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं. मग परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले, या वेळी एकटेच, मशीनगनच्या ठाण्यावर. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा सरपटत जाऊन आणखी आणले. एकामागून एक तीन ठाणी गप्प केली आणि काठावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना हात केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते तो घेऊन जिवंत घरी आले.

या प्रसंगाकडे आपण शौर्य म्हणून पाहतो, आणि ते आहेच. पण क्षणभर त्यातलं निव्वळ शरीर पाहा. खोल पाण्यातून, भिजलेल्या कपड्यांनिशी, पूर्ण वाढलेल्या माणसाचं वजन अंगावर घेऊन चढ चढणं. एकदा नव्हे, दोनदा. त्यानंतर हल्ला करण्याइतकी ताकद पायात शिल्लक असणं. हे त्या संध्याकाळी अचानक आलं नव्हतं. निरोप पोहोचवताना मैलोन्‌मैल तुडवलेल्या वाटांमधून ते साठलं होतं. आणखी एक गोष्ट मला सारखी खुणावते. जाधव त्या दिवशी कुणाचेही अधिकारी नव्हते. हुद्द्यानं शिपाई. तरी कंपन्या पुढं निघाल्या त्या त्यांच्या हाताच्या खुणेवर. नेतृत्व हुद्द्यातून येतं ही समजूत त्या काठावर पुसली गेली.

आता उलट बाजू. जितकं शरीर बळकट तितका माणूस सुरक्षित, ही समजूत डोंगरानं खोटी पाडली. १९६२ च्या चीनयुद्धाच्या वेळी आपल्या तुकड्या मैदानातून घाईघाईनं हिमालयाच्या उंचीवर नेल्या गेल्या. त्या काळात आणि नंतर, गोळी न लागताही जवान दगावत होते. धडधाकट पोरगा, काल हसत चढलेला, आज कोरडा खोकतो, छातीत घरघर होते आणि रात्रीत जातो. विरळ हवेत फुप्फुसात पाणी साठण्याचा हा आजार. आपल्या सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा चिकाटीनं अभ्यास केला. १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी १,९२५ जवानांवरच्या निरीक्षणांचा लेख प्रसिद्ध केला. जगभरच्या पर्वतवैद्यकात तो आजही मानाचा मानतात. तंदुरुस्ती हे विरळ हवेविरुद्धचं कवच नाही, हे आता सगळे मान्य करतात. उलट जो जास्त तगडा तो जास्त भराभर चढतो, पहिल्याच दिवशी अंग मोडेस्तोवर काम करतो आणि धोक्यात येतो.

म्हणून सैन्यानं उंचीवर जाण्याचं वेळापत्रक बांधलं. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस तर जवळपास नुसती विश्रांती. ज्यानं आयुष्यभर ‘थांबू नको’ हेच ऐकलं, त्याला इथं थांबायला शिकवावं लागतं, आणि नेतृत्वाची खरी कसोटी मला इथं दिसते. पाच किलोमीटर सर्वांच्या पुढं धावणं एका अर्थी सोपं. त्याला टाळ्या मिळतात. पण पंधरा हजार फुटांवर आपलं डोकं दुखतंय हे कंपनी कमांडरनं सर्वांसमोर पहिल्यांदा सांगणं अवघड आहे. तो लपवतो तेव्हा सगळी कंपनी लपवते. तो सांगतो तेव्हा तंबूच्या कोपऱ्यातला एखादा वीस वर्षांचा पोरगा हळूच म्हणतो, साहेब, मलाही. त्या ‘मलाही’वर त्याचा जीव वाचतो, कारण या आजारावर पहिला इलाज एकच: वेळेवर खाली उतरवणं.

जोश हा फौजेचा लाडका शब्द आहे आणि तो असायलाच हवा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, एनडीएत, तो तीन वर्षं, सहा सत्रं अंगात भिनवतात. ‘ग्रीनहॉर्न’, ‘रोव्हर्स’ आणि ‘तोरणा’ अशी नावं असलेली शिबिरं, पहाटेची पीटी, ड्रिल, घोडेस्वारी, पोहणं, मुष्टियुद्ध. समोर सिंहगड आहे, आणि त्याचा चढ तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांना माहीत आहे. माजी कॅडेट म्हातारे झाले तरी भेटल्यावर आधी सिंहगडाची आणि मग ‘रगड्या’ची गोष्ट काढतात. रगडा म्हणजे शिक्षेचा व्यायाम: कोलांट्या, रांगणं, मध्यरात्री पिट्ठू घेऊन पळणं. आठवणीत तो गोड होतो, कारण तो सगळ्यांनी मिळून सोसलेला असतो.

पण इथं मला एक स्पष्ट सांगायचं आहे. सोसणं आणि घडणं यांत फरक आहे. तो फरक करता न येणारा शिक्षक कितीही रुबाबदार असला तरी पुढारी घडवत नाही. आमच्या आळीतला एक मुलगा अशाच एका प्रशिक्षण केंद्रात गेला. नडगी दुखत होती. सांगितलं तर कामचुकार ठरू, या भीतीनं तो सहा आठवडे त्यावर धावत राहिला. शेवटी हाडाला तडा गेलेला निघाला आणि पोरगा घरी परतला. त्या सहा आठवड्यांत त्याचं लंगडणं कुणाच्याच नजरेला आलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. बळकट शरीराची संस्कृती दुखणं बोलून दाखवण्याची मुभा देत नसेल, तर ती आपल्याच माणसांची नासाडी करते. तालमीतला जाणता वस्ताद लंगडणाऱ्या पोराला हौद्यात उतरू देत नाही. त्याला कमजोर म्हणत नाही. बस म्हणतो, बघ म्हणतो, उद्या ये म्हणतो.

मोजमापाचाही असाच प्रश्न. सैन्यात वैद्यकीय दर्जाला ‘शेप’ म्हणतात: मन, कान, हातपाय, शरीर, डोळे, प्रत्येकाचा वेगळा दर्जा. सर्वांत एक नंबर म्हणजे ‘शेप वन’. महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. त्यानंतर त्यांची निवड करताना त्यांच्याकडून त्या वेळच्या वयात शेप वन मागितलं गेलं. त्यांच्या पुरुष सहकाऱ्यांना ती अट सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात पुरी करायची होती. या बायकांना ती वीस-वीस वर्षं सेवा झाल्यावर घातली जात होती. मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शाह यांनी ही पद्धत भेदभावाची ठरवली. या निकालाचा अर्थ अनेकांनी ‘स्त्रियांना सूट’ असा लावला. तो चूक आहे. फूटपट्टी तीच असावी, आणि ती सर्वांना त्याच वयात लावावी, एवढंच न्यायालयानं सांगितलं.

स्वाती महाडिकांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक, सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी, ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते गेले. पलटणीचा प्रमुख शोधमोहिमेत स्वतः पुढं होता, यातच त्यांच्या नेतृत्वाची जात कळते. त्यानंतर दोन मुलांची आई असलेल्या स्वातीताईंनी वयात सूट मिळवली, चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत त्यांच्याहून कितीतरी लहान मुलींबरोबर तीच पीटी, तीच दौड केली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सूट वयाला होती. दोराला, पिट्ठूला आणि घड्याळाला नव्हती. ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा मला त्यांची आठवण झाली.

आणि शेप वन नसलेल्या शरीराचं काय? इयान कार्डोझो मुंबईचे. १९७१ च्या युद्धात पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमध्ये मेजर. गोरख्यांना आडनाव उच्चारता येईना म्हणून ते ‘काडतूस साहेब’ झाले होते. सुरुंगावर पाय पडला, पायाच्या चिंधड्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या खुकरीनं तो कापून टाकला. पुढं लाकडी पायानं त्यांनी चाचण्या दिल्या, डोंगर चढून दाखवले आणि पायदळाच्या बटालियनचं व नंतर ब्रिगेडचं नेतृत्व करणारे सैन्यातले पहिले युद्ध-अपंग अधिकारी ठरले. त्यांच्याच बटालियनच्या चमूनं २०२१ मध्ये वेल्सच्या डोंगरांतल्या केंब्रियन पॅट्रोल या खडतर स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. पन्नास वर्षांचं अंतर आहे मध्ये, पण पलटणी आपल्या माणसांच्या गोष्टी सांगत जगतात आणि नवी पोरं त्या ऐकत वाढतात.

मुरलीकांत पेटकर इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला हा मुष्टियोद्धा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात जगात पहिला आला. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. सियाचिन, राजस्थान, सिक्कीम अशी ठाणी करून आल्यावर सैन्याच्या क्रॉसकंट्री शर्यतीत त्याचे पाय कुणाच्या तरी नजरेत भरले, आणि २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई खेळांत तो ३,००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला. पदकं आपल्याला दिसतात. त्यामागे एक उस्ताद असतो, ज्यानं पहिल्यांदा ओळखलं की हा पोरगा वेगळा धावतो. त्या ओळखण्यालाही मी नेतृत्वच म्हणतो.

पुढच्या पानांत वाचकाला वेळा, अंतरं, चाचण्या, शिबिरं भरपूर भेटतील. ती वाचताना त्यामागचा माणूस नजरेआड होऊ देऊ नका. आणि एक विनंती, विशेषतः गावोगावी भरतीची पोरं तयार करणाऱ्या निवृत्त फौजींना. पहाटे रस्त्यावर तुम्ही घड्याळ घेऊन उभे असता. पहिला आला की त्याची वेळ वहीत लिहिता आणि घराकडे वळता. थोडं थांबा. शेवटचा पोरगा येईपर्यंत थांबा, त्याचीही वेळ लिहा, आणि तो लंगडत तर नाही ना, तेवढं पाहा. बाकीच्यांना एवढीच विनंती, की पहाटे गाडी चालवताना ही पोरं समोर दिसली, तर दिवे खाली करा आणि वेग कमी करा.